सहा व्होल्टच्या गाडीला आठ व्होल्ट

३ एप्रिल, गुरुवार

थेरपिस्टबाईंनी आज एक वही करायला सांगितली. बाबा दिवसभरात जे शब्द बोलतील ते तिच्यात लिहायचे, कधी आणि कशावरून बोलले तेही लिहायचं, आणि दर सोमवारी त्यांना नेऊन दाखवायची. मी शाळेतून उरलेल्या वह्यांपैकी एक आणली. पहिलं पान भरेपर्यंत लक्षात आलं की मला शब्द सोडून भलतंच काही लिहायचंय. तेव्हा ही वही माझी. बाईंसाठी उद्या दुसरी करीन.

बाबा म्हणजे माझे सासरे. चाळीस वर्षं गाड्या दुरुस्त केल्या. फेब्रुवारीत मेंदूला झटका आला. उजवा हात अधू झाला, पाय काठीच्या आधाराने चालतो, डोकं शाबूत आहे. डॉक्टर तसं सांगतात, आणि बाबा माझ्याकडे ज्या नजरेने बघतात त्यावरून मलाही ते पटतं. पण बोलणं गेलं. थेरपिस्टबाई म्हणतात, शब्द आत आहेत, फक्त बाहेर यायला दार सापडत नाही.

आजचे: "हां", "छे", चहाला "पेट्रोल" (दोनदा). आणि दूध उतू गेलं तेव्हा मला उद्देशून अगदी स्वच्छ, खणखणीत, "गाढवा!" शिव्या मेंदूत वेगळ्या कप्प्यात असतात म्हणे. आमच्याकडे तो कप्पा पहिल्यापासून भरलेला होता.

५ एप्रिल, शनिवार

नवऱ्याचा फोन. तो जहाजावर आचारी आहे, आठवड्यातून एकदा बोलतो आणि मागे भांड्यांचा आवाज येत असतो. म्हणाला, "गाडीसाठी एक माणूस मिळालाय. जुन्या गाड्या जमवतो, नीट सांभाळतो. दोन मेला बघायला येईल. देऊन टाकू."

गाडी बाबांची. माझ्या नवऱ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. हल्लीच्या गाड्यांना बारा व्होल्टची बॅटरी लागते, हिला सहाची. एवढी वर्षं ती शेडमध्ये पाहुण्यासारखी राहिली आणि बाबांनी तिची पाहुण्यासारखीच सरबराई केली. मी अकरा वर्षांपूर्वी लायसन्स काढलं, पण तिच्या चाकाला हात लावायची आमच्यात कुणाची छाती नव्हती.

मागच्या वर्षी बाबांच्या पंचाहत्तरीला नवऱ्याने त्यांना चकित करायचं ठरवलं. त्यांना आठ दिवस आत्याबाईंकडे पाठवलं आणि गाडी पेंटरकडे दिली. सगळं सुटं करून, घासून, गडद हिरवा रंग. इतकी देखणी झाली की बाबा परत आल्यावर पाच मिनिटं बोललेच नाहीत. (तेव्हा न बोलणं ही नवलाची गोष्ट होती.) पण तेव्हापासून ती नीट सुरू होईना. आधी कुरकुरत, मग कण्हत, आणि जानेवारीत नाहीच. बाबा तिच्यात डोकं घालून बसायला लागले होते. मग झटका आला.

मी नवऱ्याला "बरं" म्हटलं. खरं लिहायचं तर मलाही शेड मोकळी हवी आहे. माझी पुस्तकं पलंगाखाली किती दिवस ठेवायची?

६ एप्रिल, रविवार

थेरपिस्टबाई म्हणाल्या होत्या की त्यांच्या ओळखीच्या वस्तूंजवळ त्यांना न्या. म्हणून आज शेडमध्ये नेलं. स्टुलावर बसले. डाव्या हाताने मडगार्डवरून हात फिरवला, मग बोटाने रंगावर टिचकी मारली. मला वाटलं, ऐकवू या जरा. आत बसून चावी फिरवली आणि सेल्फचं बटण दाबलं.

घ... र्र... घ... आणि गप्प. जिना चढताना दम लागलेल्या माणसासारखा आवाज.

आणि बाबा बोलले! दोन शब्द, एकामागोमाग एक, स्पष्ट:

"अर्थ नाही."

मी काचेतून त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा म्हणाले, "अर्थ... नाही."

दोन महिन्यांतलं पहिलं वाक्य, आणि ते हे.

७ एप्रिल, सोमवार

थेरपिस्टबाईंना दोन शब्दांच्या वाक्याचा आनंद झाला. मग त्यांनी ते वाक्य वाचलं आणि चष्मा काढला. "या आजारात निराशा येते," म्हणाल्या. "आयुष्यभर हाताने काम केलेला माणूस. त्याला वाटतं, आता जगण्यात काय अर्थ. लक्ष ठेवा. डॉक्टरांच्या कानावर घालते."

मी आठवीला भाषा शिकवते. 'संदर्भासह अर्थ स्पष्ट करा' हा माझा हातखंडा प्रश्न. संदर्भ तर समोर उभा होता, हिरवागार. गाडी बंद, हात बंद, तोंड बंद. यापेक्षा स्पष्ट काय असणार?

ठरवलं. दोन मेच्या आत गाडी सुरू करायची. मग ती कुणाकडे जायची ती जाऊ दे, पण ढकलत नाही, स्वतःच्या पायांनी जाईल. ते बघून बाबांना बरं वाटेल.

१२ एप्रिल, शनिवार

बॅटरीच्या दुकानात गेले. दुकानदार गोल, हसरा, पाहुण्यांना आग्रह करून वाढणाऱ्यांपैकी. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाई, सहाची आता कोण ठेवतो? आणि जुनी गाडी दमते, तिला सहा पुरत नाही. आठची लावू. गोल्फच्या मैदानावरच्या छोट्या गाड्यांना असते, तुमच्या खोक्यात बसेल."

"पण गाडी सहाची आहे ना? चालतं का तसं?"

"दोनच तर जास्त आहेत! जुन्या गाड्यांचे शौकीन सर्रास लावतात. सेल्फ जोरात फिरतो, एवढंच."

दुपारी तो स्वतः येऊन बसवून गेला. मी बाबांना पुढे बसवलं, बटण दाबलं. घर्र, घर्र, घर्र, आणि धडाडून सुरू! शेडच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. बॅटरीवाल्याने टाळ्या वाजवल्या, मी किंचाळले, शेजारीण कुंपणावरून डोकावून "अगं बाई, जिवंत आहे!" म्हणाली. कोण ते तिने सांगितलं नाही.

मी वळून बाबांकडे बघितलं. तोंडावर हसू नाही. डावा हात वर करून त्यांनी बोट खाली दाखवलं, जमिनीकडे.

"अर्थ नाही."

जमिनीकडे! म्हणजे शेवटी सगळ्यांना मातीतच जायचंय, असंच ना? मी वरवर हसले, त्यांना चहा दिला आणि न्हाणीघरात नळ सोडून रडले.

१५ एप्रिल, मंगळवार

गाडी दोन दिवस छान सुरू होत होती. दिवे असे लखलखीत की शेजारणीने कुंपणाला चादर टांगली. आज पुन्हा घ... र्र...

बॅटरीवाला आला. म्हणाला, "आता कळलं. गाडीतला डायनमो बॅटरी भरतो तो सहाच्या मापाने. आपली आठवाली, ती अर्धपोटी राहते." मग त्याने बोनेटखालच्या एका डबीतला स्क्रू थोडा पिळला, म्हणजे डायनमो जास्त वाढेल म्हणे. बॅटरी चार्ज करून आणली, गाडी सुरू केली, दिवे लावले. डावा बल्ब 'फट्' करून गेला. हॉर्नचा आवाज आधी घोगरा होता, आता बदक कुणीतरी पकडल्यासारखा झालाय.

"थोडंसं होणारच," तो म्हणाला.

बाबा स्टुलावरून सगळं बघत होते. दोनदा "छे", एकदा "अर्थ" आणि निघताना बॅटरीवाल्याला "गाढवा". मी माफी मागितली. तो म्हणाला, "राहू द्या हो, माझे वडीलपण असेच होते."

१६ एप्रिल, बुधवार

संध्याकाळी बाबांजवळ बसले. शाळेच्या ग्रंथालयातून धीर देणाऱ्या विचारांचं एक पुस्तक आणलं होतं, त्यातला एक लेख वाचून दाखवला. मग पुस्तक मिटून, मनापासून म्हटलं, "बाबा, तुम्हाला वाटतं तसं नाही. अर्थ असतो. आपल्याला दिसत नाही, पण तो असतो. आपण सगळ्यांनी मिळून शोधायचा असतो."

बाबा एकदम ताठ बसले. डोळे चमकले. डाव्या हाताने माझा हात घट्ट पकडला आणि जोरजोरात मान हलवली, "हां! हां!" मला वाटलं, पोचलं! शेवटी पोचलं! मी म्हटलं, "प्रत्येकाने तो आपल्या अंतःकरणात शोधायचा."

त्यांनी माझा हात सोडला.

"गाढवा," म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

कुठे चुकलं कोण जाणे. कदाचित अंतःकरण हा शब्द जड झाला.

१९ एप्रिल, शनिवार

शेडमध्ये एक विचित्र गोष्ट. गाडी सुरू होईना म्हणून मी बराच वेळ बटण दाबून धरलं, आणि मग चोक आत ढकलायला मुठीला हात लावला तर ती गरम! चहाच्या कपासारखी. चोक म्हणजे डॅशबोर्डावरची साधी ओढायची मूठ, तिच्यामागे एक तार इंजिनापर्यंत जाते. तिच्यात वीज नसते. मग ती का तापावी? बहुतेक उन्हामुळे. पण शेडमध्ये ऊन येत नाही. लिहून ठेवते.

मी "अय्या, गरम आहे" म्हणाले तर बाबा काठी टेकत स्वतः उठून आले, मुठीवर बोटं ठेवली आणि माझ्याकडे असे बघायला लागले, जसं मी वर्गात सोपं उत्तर येणाऱ्या पण न बोलणाऱ्या मुलीकडे बघते. "अर्थ!" म्हणाले. मूठ थोपटली. "अर्थ! अर्थ!"

या वेळी "नाही" म्हणाले नाहीत. ही चांगली खूण असावी.

२१ एप्रिल, सोमवार

झोपायच्या आधी लिहून काढते.

बॅटरीवाला बाराची बॅटरी घेऊन आला. "आठने भागत नाही. बारा लावू, फक्त चालू करण्यापुरती. एकदा चालू झाली की काढू." मी म्हटलं, हे दुप्पट झालं. तो म्हणाला, "क्षणभरच हो." दोन मे तोंडावर आलाय. मी मान डोलावली. माझीच चूक.

बाबांना मी आधीच पुढे बसवलं होतं. बॅटरी बघताच ते "छे! छे! छे!" करायला लागले. मी म्हटलं, "बाबा, एकदाच." आणि बटण दाबलं.

इंजिन असं फिरलं की अख्खी गाडी हादरली. पण डॅशबोर्डखालून धूर यायला लागला. चोकची तार! तिच्यावरचं काळं आवरण वितळून बुडबुडे येत होते. हॉर्न आपोआप वाजायला लागला, तो थांबेना. मी बटण सोडलं, पण तेही आतच अडकलं होतं, इंजिन फिरतच होतं. बॅटरीवाला पाना शोधत गोल गोल फिरतोय, मी चावी ओढतेय. एवढ्यात बाबा दार उघडून खाली उतरले. काठी नाही. एक पाऊल, दोन पावलं, तीन. डाव्या हाताने बॅटरीची जाड वायर धरली, दोनदा हिसका दिला आणि ओढून काढली.

शांतता. धुराचा वास. शेजारीण कुंपणावर, हातात पाण्याची बादली.

बाबा ती वायर हातात धरून उभे होते. त्यांना काही झालं असतं तर! भीतीने मला काय झालं कळत नाही, मी त्यांच्यावरच ओरडले. "पुरे झालं! इतका अर्थ नाही वाटत ना, तर देऊनच टाकू ती गाडी!"

ते माझ्याकडे बघत राहिले. काहीच बोलले नाहीत. "गाढवा" सुद्धा नाही.

२४ एप्रिल, गुरुवार

तीन दिवस एकही शब्द नाही. बाईंच्या वहीत तीन कोरी पानं.

चहा समोर ठेवला की पितात. "पेट्रोल घेणार?" असं मी मुद्दाम विचारते. मान हलवतात. आज मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसून म्हटलं, "बाबा, चुकलं माझं. मी घाबरले होते." त्यांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि काढला. मला ओरडले असते तर बरं झालं असतं.

डॉक्टरांनी उदासपणावरच्या गोळ्या लिहून दिल्यात. रविवारपासून सुरू करायच्या. नवरा फोनवर म्हणाला, "तू खूप केलंस. आता सोड." भांड्यांचा आवाज नव्हता, म्हणजे तो बाहेर डेकवर येऊन बोलत होता.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. तीन पावलं टाकली त्यांनी. काठीशिवाय. ज्याला जगण्यात काही वाटत नाही असा माणूस गाडी वाचवायला धावेल का? की मला वाचवायला?

२६ एप्रिल, शनिवार

आज जे झालं ते नीट क्रमाने लिहिते, नाहीतर मलाच खरं वाटणार नाही.

सुट्टी लागलीय, पण पेपर तपासायला शाळेत गेले होते. शिक्षकांच्या खोलीबाहेर पाण्याचा कूलर आहे. त्याला हात लावला की मुंग्या येतात अशी तक्रार होती, म्हणून वायरमन आला होता. कूलर भिंतीपासून पुढे ओढून तो मागे उकिडवा बसला होता. मी पेला घेऊन उभी होते. तो मागून म्हणाला,

"याला अर्थच नाही हो, बाई."

मी मनात म्हटलं, झालं, आता हासुद्धा. मग वाटलं, कूलरबद्दल? कूलरला कसला अर्थ असणार?

"काय नाही म्हणालात?"

"अर्थ. अर्थिंग. ही वायर तुटलीय बघा. विजेला एका बाजूने यायला वाट लागते, तशी जायला पण लागते. जायची वाट नीट नसली की ती मिळेल तिथून घुसते. तुमच्या हातातून, माझ्या हातातून. म्हणून मुंग्या येतात."

माझ्या हातातला पेला कलंडला. साडी भिजली. "गाडीला असतो का अर्थ?"

"असतो की! गाडीचा सगळा पत्रा म्हणजे अर्थच. बॅटरीची एक वायर पत्र्याला, आणि इंजिनापासून पत्र्याला एक पट्टी."

"ती पट्टी नीट लागली नसेल तर?"

"मग सेल्फ कण्हतो. वीज दुसरी वाट शोधते. अॅक्सिलेटरची तार, चोकची तार, जे सापडेल ते. तापून लाल होतात."

"आणि त्या पट्टीखाली रंग लावला असेल तर?"

वायरमन मागून बाहेर आला आणि माझ्याकडे बघायला लागला. "कुणी लावला?"

"नवऱ्याने," मी म्हटलं आणि निघाले. पेपर टेबलावर तसेच. सायकल इतकी जोरात मारली की चौकात एका बाईंनी मला काय झालं म्हणून विचारलं, आणि मी "अर्थ!" असं ओरडून पुढे गेले.

बाबा खिडकीत बसले होते. मी धापा टाकत समोर उभी राहिले.

"बाबा, गाडीला अर्थ नाही?"

त्यांनी सावकाश मान वळवली.

"गाडीला. अर्थिंग. पट्टी. रंगाच्या खाली."

आधी काही झालं नाही. मग त्यांच्या चेहऱ्याची डावी बाजू हलली, मग उजवी जमेल तेवढी, आणि ते हसायला लागले. आवाज न करता, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी. मीही हसले आणि रडले, नेमकं काय ते सांगता येत नाही. हसू ओसरल्यावर त्यांनी माझ्या ओल्या साडीकडे बघितलं, गालावर हळूच एक चापट मारली आणि फार मायेने म्हणाले, "गाढवा."

हा माणूस वीस दिवस मला गाडीतला बिघाड सांगत होता, आणि मी त्याला अंतःकरण शोधायला सांगत होते.

२७ एप्रिल, रविवार

गोळ्या सुरू केल्या नाहीत. डॉक्टरांना फोन केला. सगळं ऐकून त्यांनी फोन बाजूला धरला आणि हसल्याचा आवाज आला. म्हणाले, "ठेवा कपाटात. पुढे लागल्या तर बघू."

सकाळी सातला शेडमध्ये. बाबा स्टुलावर, मी सतरंजी टाकून गाडीखाली. ते काठीने दाखवतात, मी सोडते. इंजिनाखाली एक विणलेली चपटी पट्टी सापडली, रुंदीला माझ्या तीन बोटांएवढी. दोन्ही टोकांना बोल्ट. एक टोक सोडलं तर त्याच्या खाली, बोल्टवर, वायसरवर, सगळीकडे गडद हिरवा चकचकीत रंग. पेंटरने मन लावून काम केलं होतं, त्याला दोष देता येत नाही.

पॉलिश पेपरने घासत बसले. थोडं घासलं की बाबांना दाखवायचं. "छे." पुन्हा घासायचं. "छे." नख लावून बघतात. सात वेळा "छे." आठव्यांदा पत्रा आरशासारखा दिसायला लागला आणि ते म्हणाले, "हां."

बॅटरीवाला दुपारी चेहरा पाडून आला. त्याला वायरी दाखवल्या. पेंटरने बॅटरीच्या जाड वायरी काढून बाराच्या गाडीच्या बारीक वायरी टाकल्या होत्या. तो कपाळावर हात मारून म्हणाला, "सहा व्होल्टला तर वायर दुप्पट जाड लागते! मी बघितलंच नाही. मी नुसता वाढत राहिलो." आणि जाड वायरी आणायला धावत गेला.

डोक्यात गंज, नाकात ग्रीस. फार मजेत दिवस गेला. मी भाषेची शिक्षिका का झाले?

२९ एप्रिल, मंगळवार

आठची बॅटरी बॅटरीवाल्याला परत. बाराची तर त्याने त्याच दिवशी उचलून नेली होती. बाबांची जुनी सहाची बॅटरी दोन दिवस चार्जिंगला ठेवली होती, ती आज बसवली. चोकची तार नवी, डाव्या दिव्याचा बल्ब नवा. डबीतला स्क्रू बाबांनी स्वतः डाव्या हाताने, दाताखाली जीभ धरून, मूळ जागी आणला. त्याला पाऊण तास लागला. आम्ही कुणी मदतीला हात पुढे केला नाही.

मी बटण दाबलं. घर्रकन एकदा, आणि सुरू.

धडाड नाही, हादरा नाही. नुसती सुरू. इतकी हलकी की बॅटरीवाला म्हणाला, "लागली का?"

मी चोकच्या मुठीला हात लावला. गार.

मग बाबांनी फाटकाकडे बोट केलं. मी म्हटलं, "कोण? मी?" "हां." मी म्हटलं, अकरा वर्षांत चालवली नाही. "हां." म्हणजे काय 'हां'? पण ते पुढच्या सीटवर जाऊन बसलेच. आम्ही गल्लीच्या टोकापर्यंत गेलो आणि परत आलो. तीनदा बंद पडली, तीनही वेळा माझ्या पायामुळे. दर वेळी एका फिरकीत सुरू झाली. शब्द: "क्लच", "क्लच", "क्लच!!"

नवे शब्द आहेत, हे मला आत्ता लिहिताना लक्षात आलं. थेरपिस्टबाई चित्रांची कार्डं दाखवून पक्षी आणि फळं म्हणवून घेतात. त्यांना सांगायला हवं.

२ मे, शुक्रवार

तो जुन्या गाड्या जमवणारा माणूस आला. सभ्य, पांढरी मिशी, हातात मऊ फडकं. बाबा सकाळपासून गाडीत जाऊन बसले होते. दारं आतून बंद.

त्याने काचेवर टकटक केली. "गाडी बघायला आलोय, साहेब."

बाबांनी काच चार बोटं खाली केली. "छे."

"नुसती बघतो."

"छे."

माणूस माझ्याकडे वळला. मी म्हटलं, "माझ्या नवऱ्याचा गैरसमज झाला होता." नवऱ्याला हे अजून माहीत नाही. चहा घेऊन गेला बिचारा. जाताना म्हणाला, त्याच्या एका गाडीचे दिवे सारखे मिणमिणतात, कुणालाच सापडत नाही. बाबांनी काच आणखी चार बोटं खाली केली. तो मंगळवारी गाडी घेऊन येणार आहे.

९ मे, शुक्रवार

नवरा काल आला. बाबा त्याला बघून "आलास?" म्हणाले. त्याला वाटलं, ते असं रोजच बोलतात. मी सांगितलं नाही, डोळे पुसायला स्वयंपाकघरात गेले.

जेवताना त्याला सगळं सांगितलं. रंगापर्यंत आले तेव्हा त्याने मान खाली घातली. "मीच पेंटरला सांगितलं होतं, नटबोल्टसुद्धा सोडू नकोस." बाबांनी त्याच्या ताटात आपल्या हाताने पोळी वाढली. डाव्या हाताने, तुकडा पडला, तरी.

आज सकाळी त्याने फर्मान काढलं की आपण सगळे टेकडीवर जाऊ, गाडी तो चालवणार. मी मागे बसले. फाटकातच बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा गचका बसून आमची डोकी समोर आपटली. "जहाजाला क्लच नसतो," तो म्हणाला.

बाबांनी त्याच्याकडे बघितलं. तोंडाची जुळवाजुळव चाललेली मला आरशात दिसत होती. आणि मग:

"उतर. तिला बसू दे."

चार शब्द. नवरा तसाच बसून राहिला. मग उतरला, मागचं दार उघडून माझ्यासाठी धरून उभा राहिला. मला वाटतं, प्रवासाने दमला असावा.

मी चालवली. गल्ली, बाजार, पूल, मग चढ. बाबा पुढे काचेतून बघत होते, मध्येच "दुसरा" म्हणायचे, मी दुसरा गियर टाकायचे. माथ्यावर मोकळी जागा आहे, तिथे चारपाच गाड्या आणि माणसं होती. मी कडेला घेतली, इंजिन चालूच होतं. लोक वळून बघायला लागले.

बाबांनी हात लांब करून चावी फिरवली आणि गाडी बंद केली.

मला वाटलं, उतरायचंय. पण त्यांनी बटणाकडे बोट केलं. मी दाबलं. सुरू. त्यांनी पुन्हा बंद केली. पुन्हा बोट. सुरू. एक म्हातारे गृहस्थ जवळ येऊन कौतुकाने ऐकायला लागले. बाबांनी तिसऱ्यांदा बंद केली.

नवरा मागून वाकला, काळजीने. "बाबा, काय होतंय? काही बिघाड आहे का? काय करताय?"

बाबा शब्द शोधत थांबले. आम्ही दोघंही थांबलो. आता मी त्यांच्या आधी बोलत नाही.

"मजा," बाबा म्हणाले.

आणि बटणाकडे बोट केलं.